जांभ्याच्या एका खळग्यासाठी दोनदा आंबा घाट

आपण कोल्हापूरकर दगडाला फार गृहीत धरतो. पन्हाळ्याचा जांभा आजोबांनी दाखवला तसाच आपण पोरांना दाखवतो. तोच जांभा समुद्राच्या तोंडाशी किती लवकर बदलतो हे बघायला आम्ही तिघं यंदा रत्नागिरीजवळच्या आरे-वारेच्या किनाऱ्यावर दोनदा जाऊन आलो. पहिल्यांदा माघात, मग पावसाळा सरल्यावर आश्विनात. दोन्ही वेळा वद्य तृतीया धरली.

तिथीचं कारण सांगतो. किनाऱ्यावर एक सोपा हिशेब चालतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. तृतीयेला सव्वादोन, म्हणजे ओहोटी सकाळी आठच्या आसपास. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं. सकाळी खडक उघडा पडतो, दुपारपर्यंत ऊन खातो आणि पुन्हा पाणी चढतं. सगळा खेळ एका बैठकीत बघायला मिळतो. पौर्णिमेला गेलात तर ओहोटी मिळेपर्यंत दिवस कलतो.

पहिल्या खेपेला रात्री साडेतीनला रंकाळ्यावरून निघालो. आंबा घाटात एवढं धुकं की गाडी अक्षरशः चालत आणली, आणि पोहोचेपर्यंत नऊ वाजून गेले. आदल्या रात्री रत्नागिरीत मुक्काम करा. दुसऱ्या वेळी आम्ही तेच केलं.

आमचा खडक भरतीच्या रेषेच्या जरा वर होता, जिथे लाटेचे तुषार पोहोचतात. मधमाशांच्या पोळ्यासारखे खळगे, मधल्या भिंती पुठ्ठ्याएवढ्या पातळ. सकाळी ओला, काळपट तांबडा. दहाच्या पुढे खळग्यांच्या कडा वाळू लागल्या आणि त्यांवर पांढरी रेघ उमटली. साडेअकराला गुजरीतून आणलेलं भिंग लावून पाहिलं, तर मिठाचे चौकोनी कण, अगदी फाशांसारखे. कडेवरून बोट हलकेच फिरवलं तर गेरूसारखी लाल पूड बोटाला आली. बराच वेळ ते बोट तसंच धरून बसलो होतो.

घडतं ते असं. खारं पाणी दगडाच्या छिद्रांत शिरतं, वाळताना आत मिठाचे स्फटिक वाढतात आणि छिद्रांच्या भिंती ढकलतात. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की तेच मीठ ओल धरून विरघळतं, आणि उन्हं चढली की पुन्हा त्याचे स्फटिक होतात. कोकणच्या हवेत हे चक्र रोज फिरू शकतं. रंकाळ्याच्या काठचा दगडही भिजतो, वाळतो, पण त्या पाण्यात हे मीठ नाही.

हे मोजायचं एक यंत्रही आहे, मायक्रो-इरोजन मीटर, १९७० मध्ये पुढे आलेलं. खडकात पक्के खिळे बसवून त्यावर ते टेकवतात आणि मिलिमीटरच्या बारीक अंशात उंची वाचतात. न्यूझीलंडच्या कायकोरा किनाऱ्यावर अशा मोजणीत दिसलं, की ओहोटीच्या काही तासांतही खडकाचा पृष्ठभाग किंचित वर-खाली होतो. झिजायच्या आधी दगड फुगतोसुद्धा! मला तर ही गोष्ट झिजेपेक्षा मोठी वाटते.

आपल्याला खिळे ठोकायचे नाहीत, रंगाची खूणही करायची नाही. आधी लांबून एक फोटो घ्या, त्यात मागचं झाड किंवा कडा येऊ दे. मग जवळून, शेजारी पाच रुपयांचं नाणं ठेवून. सावली एकाच बाजूला पडावी म्हणून वेळ तीच धरा. आश्विनातला फोटो माघातल्याशेजारी ठेवला तेव्हा दोन खळग्यांमधली एक भिंत गायब होती, दोन्हींचा मिळून एक खळगा झाला होता. यात मिठाचा वाटा किती आणि पावसाळी लाटांनी फेकलेल्या वाळूचा किती, हे फोटोवरून ठरत नाही. एका भिंतीवरून वर्षाची झीज काढायला जाऊ नका.

पायांत जाड तळाचे बूट हवेतच. शेवाळ घसरवतं, आणि खडकाला चिकटलेल्या कालवांच्या फुटक्या कडा ब्लेडसारख्या कापतात. माझ्या मित्राचा तळवा सँडलमधून चिरला. बारानंतर खालच्या खडकांवर थांबू नका, पाणी मागून वळसा घेतं. जून ते सप्टेंबर तिकडे फिरकूच नका.

परतताना पाली-साखरप्याच्या वाटेवर एखादी चिरेखाण दिसली तर मालकाला विचारून ताज्या चिऱ्याला, म्हणजे जांभ्याच्या कापलेल्या ठोकळ्याला, हात लावून बघा. खाणीतून निघताना तो ओलसर आणि मऊ असतो, हवा लागली की कठीण होत जातो.