पास माझा, गाड्या त्याच्या

रविवारी हौसेनं ठाणे स्टेशनला जाणारं आमच्या बिल्डिंगमध्ये आमचंच एक घर असावं. सोमवार ते शुक्रवार मी तिथूनच धक्के खात सीएसएमटी गाठते. त्यामुळे हिचं सुट्टीच्या दिवशीही तिथे काय ठेवलंय, हे सासूबाईंना अजून उमगलेलं नाही. पोरगा तिसरीत आहे, ईशान, आणि त्याला गाड्यांचं वेड आहे. खेळण्यातल्या नव्हे, खऱ्या.

खर्च सांगण्यासारखा नाहीच. माझा पास असतो, त्याचं प्लॅटफॉर्म तिकीट दहा रुपये, आणि ते दोन तास चालतं. बाहेर पडल्यावर कुंजविहारचा वडापाव धरला तरी मॉलमधल्या त्या बॉलच्या हौदापेक्षा स्वस्त. दुपारी तीनच्या सुमारास गर्दी कमी असते. मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही रूळ बंद, असला तर सोन्याहून पिवळं: स्लो गाडी फास्टच्या फलाटावर येते, इंडिकेटर भलतंच दाखवतो, लोक वैतागतात आणि आमचे चिरंजीव खूश.

सुरुवात डब्यांच्या नंबरांपासून झाली. लांब पल्ल्याच्या गाडीच्या डब्यावर बाजूला जो मोठा आकडा रंगवलेला असतो, त्यातले पहिले दोन अंक म्हणजे डबा बनला ते साल. ०९ असेल तर २००९. ही गोष्ट मला इतकी वर्षं रोज गाड्या बघून माहीत नव्हती. शेजारच्या निवृत्त रेल्वेवाल्या काकांनी ईशानला सांगितली. तेव्हापासून तो प्रत्येक डब्याचं वय काढतो. जरा मोठा तो दादा, वीसच्या पुढचा काका. गाडी फलाटावर जेमतेम दोन-तीन मिनिटं थांबते, तेवढ्यात जमतील तेवढ्या वजाबाक्या तोंडी. एकदा बाजूला उभ्या असलेल्या कसल्याशा जुनाट डब्यावर ९४ दिसलं आणि आमचं गणित अडलं. साल होतं २०२५, पण पंचवीसमधून चौऱ्याण्णव कसे जाणार? मी सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाला, "थांब गं!" मग बोटं मोडत बसला. चौऱ्याण्णवपासून शंभरपर्यंत सहा, आणि पुढचे पंचवीस. "एकतीस! आजोबा आहे हा!" शेजारी बाकावर बसलेल्या गृहस्थांनी पेपर खाली करून बघितलं. हातच्याच्या वजाबाकीला घरी जो मुलगा टेबलाखाली लपतो, तोच हा.

इंजिनांचं प्रकरण त्याहून मोठं आहे. डब्ल्यूएपी-७ या नावातला डब्ल्यू म्हणजे वाइड, रुंद रुळांचं म्हणजेच ब्रॉडगेज, ए म्हणजे एसी विजेवर चालणारं, पी म्हणजे प्रवासी गाडीचं. पीच्या जागी जी असेल तर मालगाडीचं. एवढी किल्ली हाती आली की मूल स्वतःच कुलपं उघडत सुटतं. इंजिनावर त्याच्या शेडचं, म्हणजे जिथे त्याची देखभाल होते त्या ठिकाणाचं, नावही लिहिलेलं असतं: कल्याण, भुसावळ, अजनी, लालागुडा, इरोड. अजनी नागपूरला आहे, लालागुडा सिकंदराबादला, इरोड तमिळनाडूत. घरी भिंतीवर भारताचा नकाशा लावलाय, त्यावर तो लाल स्केचपेननं ठिपके देतो. भूगोलाच्या पुस्तकातला नकाशा मात्र उघडायचा नाही. ते वेगळं, म्हणे.

मला स्वतःला सगळ्यात आवडली ती खांबांची गंमत. रुळांच्या कडेला विजेच्या तारांचे खांब असतात, त्यांवर छोटा नंबर असतो, वर एक आकडा आणि खाली एक. आपल्या लाइनवर वरचा आकडा म्हणजे सीएसएमटीपासूनचे किलोमीटर, खालचा म्हणजे त्या किलोमीटरातला कितवा खांब. वरचा आकडा बदलला की घड्याळ सुरू करायचं, पुन्हा बदलला की बंद. ३६०० ला त्या सेकंदांनी भागलं की गाडीचा वेग. तिसरीतल्या पोराला हा भागाकार झेपत नाही, म्हणून आम्ही जुन्या पत्रिकेच्या पुठ्ठ्यावर तक्ता केला: ४० सेकंद म्हणजे ताशी ९० किलोमीटर, ४५ म्हणजे ८०, ६० म्हणजे ६०, ७२ म्हणजे ५०. मधलं काही आलं की अंदाज. मुलुंड सोडलं की फास्ट लोकल काय पळते, ते आता आमच्याकडे लेखी आहे. हे खिडकीत बसून करायचं बरं का, दारात उभं राहून नाही. ऑफिसला जाताना खिडकी मिळाली तर हल्ली मीही मोजते. ग्रुपमधल्या बायका म्हणतात, हिचं काहीतरी बिघडलंय.

ठाण्याच्या आसपास खांबांवर ३३, ३४ दिसतात. त्यावरून १८५३ची गोष्ट आपसूक निघाली. १६ एप्रिलला दुपारी बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी ३४ किलोमीटर धावून इथेच आली होती: १४ डबे, ४००च्या आसपास पाहुणे आणि ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं. ही नावं आता आमच्याकडच्या तीन खेळण्यातल्या गाड्यांना आहेत. सुलतानचं एक चाक गेलंय.

इंडिकेटरवरची अक्षरंही सोडलेली नाहीत. टी ठाणे, के कल्याण, ए अंबरनाथ, हे सोपं. पण कसाऱ्याला एन आणि कर्जतला एस का? नकाशा बघ म्हटलं. कल्याणला रेल्वेचे दोन फाटे होतात, कसाऱ्याचा वर जातो, कर्जतचा खाली. नॉर्थ आणि साउथ! हे त्यानं स्वतः काढलं, आणि पुढचा आठवडाभर घरी येणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न घातला. दूधवाल्यालासुद्धा.

नियम दोनच आहेत आणि ते मोडले की त्या क्षणी घरी. पिवळ्या रेषेच्या अलीकडे राहायचं, आणि गाडी हलत असताना पळायचं नाही. फोटोही आम्ही काढत नाही. वही आणि पेन्सिल पुरे, कारण फोन हातात आला की मूल गाडीऐवजी फोन बघतं. मीही.

लोक विचारतात, याचा पुढे काय उपयोग? मला खरंच ठाऊक नाही. ॲबॅकसच्या क्लासचा काय उपयोग होतो, तेही ठाऊक नाही, पण त्याची फी मात्र चांगलीच ठाऊक आहे. शिवाय क्लासमध्ये मी बाहेर खुर्चीवर बसून मोबाइल चाळते. इथे दोघं एकाच बाकावर असतो आणि निम्म्या वेळा उत्तर त्यालाच येत असतं.

आता दिवाळीत नाशिकला आईकडे जायचंय. कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंतच्या घाटात चढ इतका उभा आहे, ३७ फुटांना एक फूट, की गाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात. त्यांना बँकर म्हणतात. ती जोडताना बघायची म्हणून शेवटच्या डब्याचं तिकीट काढ, असं फर्मान सुटलंय. ऑनलाइन तिकीट काढताना पसंतीचा डबा लिहायला जागा असते, पण मिळेलच असं नाही, हे सांगून झालं. त्यावर उत्तर आलं, "मग काकांना विचार ना, त्यांची ओळख असेल."