पावणेपाच मिलिमीटरची नळी: आमची वाटचाल

आमच्या जागेला कारखाना म्हणणे जरा धाडसाचेच. दोन वाईस, नळी वाकवायचे एक हातयंत्र, गॅसची ज्योत, टिग वेल्डिंगचा सेट आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या जिगच्या (नळ्या जागच्या जागी धरणाऱ्या साच्याच्या) पाट्या, एवढाच पसारा. मी आणि माझा मेव्हणा मिळून तो सांभाळतो. मापे, रेखाटन आणि गिऱ्हाइकाशी बोलणे माझ्याकडे, ज्योत त्याच्याकडे. यातून एकच माल बाहेर पडतो: रिमोटवर चालणाऱ्या, दगडधोंड्यांवर चढणाऱ्या छोट्या रॉक क्रॉलर गाड्यांसाठी, मापाबरहुकूम बनवलेली नळ्यांची चासी. बॉडी, मोटर, टायर यांपैकी काहीही आम्ही विकत नाही. हे ऐकून लोक म्हणतात, एवढ्यावर चालते? चालते.

सुरुवात चासीने झाली नाही, लिंकने झाली. ॲक्सलला (चाकांच्या जोडीच्या आसाला) चासीशी बांधून ठेवणाऱ्या ज्या दांड्या असतात, त्या आम्ही ६ मिमी सळईच्या, दोन्ही टोकांना एम३ (३ मिमी स्क्रूचे) आटे पाडून बनवून द्यायचो. काम किरकोळ वाटते, पण मागणी कायम होती, कारण प्रत्येकाचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर, वेगळा. वरची लिंक मिलिमीटर-दोन मिलिमीटरने लांब केली की ॲक्सल आपल्या अक्षाभोवती फिरतो आणि गिअरबॉक्सकडून त्याला फिरवणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो किंवा सुधारतो. गिऱ्हाईक तक्रार घेऊन यायचे की लिंक नवी टाकली तरी गाडी चढावर मागून उचलते. बहुतेक वेळा दोष लिंकचा नसायचा. ती चासीवर जिथे अडकवली आहे, ते भोकच चुकीच्या उंचीवर असायचे. दांडी कितीही सरळ बनवा, दुसऱ्या टोकाला धरणारी जागा आपल्या हातात नसेल तर उपयोग काय?

म्हणजे आम्ही चासीकडे आतल्या बाजूने आलो. या धंद्यातले बरेच जण बाहेरून, दिसण्यावरून येतात. २०११ मध्ये ॲक्सिअल कंपनीची रेथ ही रिमोटची गाडी आली आणि नळ्यांच्या पिंजऱ्यासारखी दिसणारी गाडी तयार खोक्यात मिळू लागली. तिचा पिंजरा प्लॅस्टिकचा. प्लॅस्टिक थोडे लवते, आणि उंचावरून गाडी कोलमडते तेव्हा ते लवणे कामालाही येते. पण ते रूप डोळ्यांत भरलेल्या लोकांना पुढे खरी धातूची नळी हवीशी झाली. मग फोटो यायला लागले. खऱ्या, माणूस बसतो अशा रॉक बगीचा फोटो आणि खाली एक ओळ: ‘अशीच करून द्या.’

आमचे उत्तर तेव्हाही तेच होते आणि आजही तेच आहे: आधी ॲक्सल पाठवा, गिअरबॉक्स पाठवा, टायरचा व्यास सांगा, मग फोटो बघू. काही जण यावर चिडतात. त्यांचे म्हणणे, पैसे मी देतोय तर दिसणे मी ठरवणार. दिसणे त्यांनीच ठरवावे, पण सगळ्यात शेवटी. चासीचे पहिले काम म्हणजे काही ठरावीक बिंदू हवेत अचूक जागी धरून ठेवणे: खालच्या चार लिंकची टोके, वरच्या लिंकची टोके, चार शॉकची (हादरे झेलणाऱ्या स्प्रिंगच्या दांड्यांची) वरची टोके आणि गिअरबॉक्सचे बूड. हे बिंदू नक्की झाले की त्यांना जोडत जाणाऱ्या नळ्या निम्म्याअधिक आपोआप ठरतात. उरलेल्या नळ्यांवर हवी तेवढी हौस करता येते.

म्हणून आमच्याकडे काम सुरू होते ते रिकाम्या पाटीवर. दोन्ही ॲक्सल टायरसकट मांडायचे, व्हीलबेस लावायचा (३१३ मिमी हे १/१० मापातले, म्हणजे खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याच्या गाड्यांतले, सर्वांत ओळखीचे अंतर), मध्ये ठोकळे रचून गिअरबॉक्स पोटाच्या उंचीवर ठेवायचा. शॉकच्या जागी आम्ही पत्र्याच्या पट्ट्या लावतो, पूर्ण दबलेल्या शॉकइतक्या लांबीच्या. मग चाके टोकापर्यंत वळवायची, एक बाजू वर, दुसरी खाली. टायर जिथे जिथे पोचतो तिथे नळी येऊ शकत नाही. या एका खटाटोपात फोटोतल्या निम्म्या सुंदर रेषा बाद होतात. गिऱ्हाईक समोर असेल तर बरेच, त्याला ते डोळ्यांनी दिसते. लांबचा असेल तर दहा ओळी लिहून समजवावे लागते.

मागच्या बाजूला वरच्या दोन लिंक त्रिकोणात आणल्या की ॲक्सल डावी-उजवीकडे सरकत नाही. पुढे सर्व्हो (चाके वळवणारी छोटी मोटर) ॲक्सलवर असेल तर हाच प्रकार चालतो. सर्व्हो चासीवर हवा असेल, आणि खऱ्या गाडीसारखे दिसावे म्हणून अनेकांना तो तिथेच हवा असतो, तर ॲक्सलला बाजूला सरकू न देणारी आडवी पॅनहार्ड दांडी येते. ती आणि सर्व्होकडून चाकांकडे जाणारी स्टिअरिंगची ड्रॅग लिंक जवळजवळ सारख्या लांबीच्या आणि समांतर ठेवाव्या लागतात, नाहीतर सस्पेन्शन दबले की चाके आपोआप वळतात. वरच्या लिंकसाठी आम्ही एकाखाली एक तीन भोके देतो. थ्रॉटल दिल्यावर मागची बाजू किती उचलावी हे त्यावरून बदलता येते, आणि ते शेवटी ज्याच्या त्याच्या दगडावर अवलंबून.

टॉर्क ट्विस्ट हा यातला छळवादी विषय. प्रोपेलर शाफ्ट जोर लावतो तेव्हा चासी एका अंगाला कलते आणि एका बाजूचे पुढचे चाक हलके होते. चढाच्या ऐन टोकावर तेच नको असते. २०१७ मध्ये आलेल्या ट्रॅक्सस कंपनीच्या टीआरएक्स-४ या गाडीनंतर पोर्टल ॲक्सल सगळ्यांच्या तोंडी झाले. त्यात गिअरचा शेवटचा टप्पा चाकापाशीच असल्यामुळे शाफ्टला कमी टॉर्क वाहावा लागतो आणि ट्विस्ट कमी होतो. साधे ॲक्सल वापरणाऱ्यांसाठी मात्र लिंकची मांडणी हाच मुख्य उपाय, आणि आमच्या कामाचा खरा कस तिथे लागतो.

आता नळीकडे येतो. आम्ही पहिल्यांदा पितळ वापरायचो. वाकते छान, झाळायला सोपे, दिसायला देखणे. पण पितळ जड, आणि लांब नळी मार खाल्ल्यावर वाकलेलीच राहते. मग पोलादावर आलो, आणि ब्रेक लाइनची ४.७५ मिमी नळी हाती लागली. भिंतीची जाडी साधारण ०.७ मिमी. १/१० मापात ती खऱ्या गाडीतल्या साडेसत्तेचाळीस मिलिमीटरच्या नळीएवढी होते, आणि खऱ्या पिंजऱ्यांमध्ये साधारण ३८ ते ५० मिमीच्या नळ्या वापरतात. म्हणजे डोळ्याला माप बरोबर वाटते. भरीव सळई का नाही, असे विचारणाऱ्यांसाठी हिशोब सोपा आहे. ही नळी मीटरला ७० ग्रॅमच्या आसपास भरते, त्याच व्यासाची भरीव सळई १४० च्या जवळ. वजन अर्धे होते, पण वाकण्याला विरोध तीन चतुर्थांश शिल्लक राहतो, कारण मधला गाभा ताठपणात फारशी भर घालत नाही. एका चासीला तीनेक मीटर नळी लागते असे धरा. दोनशे ग्रॅम वाचले, आणि तेही बरेचसे वरच्या भागातले.

वरच्या भागातले वजन हा आमच्या वादांचा नेहमीचा मुद्दा. डाव्या-उजव्या टायरच्या मध्यांतले अंतर २०० मिमी आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ९० मिमीवर असेल तर गाडी कागदावर ४८ अंशांच्या आडव्या उतारापर्यंत टिकते. तोच मध्य ८० वर आणला की ५१. प्रत्यक्षात सस्पेन्शन आणि टायर दबतात, त्यामुळे दोन्ही आकडे खाली येतात, पण फरक राहतोच. तरी लोकांना छतावर जाळी हवी, जाळीवर जादा चाक हवे, चाकाशेजारी धातूचा कॅन हवा. आम्ही छताच्या कमानी बारीक नळीच्या करतो, बॅटरीचा ट्रे पुढे आणि खाली घेतो, आणि चासी देताना पुढच्या-मागच्या चाकांखाली वजनकाटे ठेवून बघतो. पुढे ५५ ते ६० टक्के वजन आले की चढावर पुढची चाके दगड धरून राहतात. जाळी हवीच असेल तर आम्ही ती स्क्रूवर बसवून देतो. महिन्याभरात किती जण ती काढून ठेवतात हे मी विचारत नाही.

जोडणीबद्दल मेव्हण्याची मते ठाम आहेत आणि ती मीच लिहितोय, कारण तो लिहिणार नाही. नळीच्या टोकाला गोल कानशीने माशाच्या तोंडासारखी खाच घ्यायची आणि दुसऱ्या नळीवर टेकवून उजेडासमोर धरायची. उजेड दिसला की पुन्हा कानस. चांदीचा टाका (झाळताना वितळवायचा मिश्रधातू) केशाकर्षणाने सांध्यात ओढला जातो, त्याला हवी असते मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी फट. मोठी फट तो भरत नाही, नुसता वरून बसतो. नळीवर जस्ताचा मुलामा असेल तर तो सांध्याजवळ आधी पूर्ण घासून काढायचा, कारण तापलेल्या जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो. कॅडमियम असलेला टाका आमच्या दारात येत नाही. आणि दोन्ही टोके बंद होणाऱ्या प्रत्येक नळीला आतल्या बाजूने एक मिलिमीटरचे भोक. ते नसेल तर शेवटचा सांधा झाळताना आतली तापलेली हवा वितळलेल्या टाक्यातूनच वाट काढते आणि सूक्ष्म छिद्र ठेवून जाते.

जिगवर आम्ही फक्त टिगने बारीक ठिपके मारतो. लोखंडी जिग उष्णता ओढून घेते, त्यावर टाका नीट वाहत नाही. ठिपके झाल्यावर चासी जिगवरून काढायची आणि समोरासमोरचे सांधे आलटून-पालटून झाळायचे. एकाच बाजूने सलग गेलात तर चौकट पिळवटते आणि एक पाय अधांतरी असलेल्या बाजेसारखी डुगडुगते. प्रत्येक चासी शेवटी जाड काचेवर ठेवून बघतो. दुरुस्तीला आलेल्या कामात एक अडचण कायम भेटते. एकदा चांदीने झाळलेल्या सांध्यावर पुन्हा टिग चालत नाही, जुना टाका वेल्ड नासवतो. त्यामुळे दुसऱ्या कोणी बनवलेली चासी आली की पहिला प्रश्न, सांधा कशाचा? साध्या कथलाचा असेल तर पावडर कोटिंगही (भट्टीत भाजून बसवायचा रंग) विसरा. त्याची भट्टी साधारण १८० ते २०० अंशांची, आणि कथील-शिशाचा टाका १८३ ला मऊ पडू लागतो.

धंदा म्हणून पाहिले तर या सगळ्यात वेळ जातो तो कानशीत आणि मांडणीत. नळीची किंमत त्यापुढे नगण्य. किंमत सांगितली की पुष्कळजण थांबतात, आणि त्यांचे चुकत नाही. त्यांच्यासाठी आम्ही संच काढला: वाकवून, खाच घेऊन, क्रमांक घातलेल्या नळ्या, लिंक आणि शॉक अडकवायचे, लेझरने कापलेले पत्र्याचे टॅब, आणि खाचांत उभे राहणारे पत्र्याचे जिग. झाळायचे ज्याचे त्याने. मेव्हण्याला हे अजिबात पसंत नव्हते, आपल्या नावाने कुणीतरी कसेही सांधे करणार म्हणून. तोडगा असा निघाला की संचाबरोबर थोडी जादा नळी आणि दोन सरावाचे सांधे द्यायचे. ते आधी झाळून, करवतीने उभे कापून बघा, टाका आतपर्यंत गेलाय का ते दिसेल, असे छापील कागदावर लिहिले आहे. आता मालाचा मोठा भाग संचांचाच जातो. शिवाय संच जोडलेला माणूस पुढे मापाची चासी मागायला येतो तेव्हा फोटो पाठवत नाही, ॲक्सल पाठवतो.

सध्या पाटीवर आहे १/२४ मापाची चासी. खऱ्या गाडीच्या नळीचे तेच माप इथे २ मिमी होते, त्यामुळे पोकळ नळीचा हट्ट सोडून भरीव पितळी तार घेतली आहे. एवढ्या लहान चौकटीत एक सांधा झाळताना शेजारचा सुटतो, म्हणून कमी-जास्त तापमानाला वितळणारे दोन टाके वापरून बघतोय: आतले सांधे आधी वरच्या तापमानाच्या टाक्याने, बाहेरचे नंतर खालच्या. लिंकचे टॅब मात्र अजून जमलेले नाहीत. एम२ च्या भोकाभोवती पत्रा इतका थोडा उरतो की तो स्क्रू आवळतानाच वाकतो, आणि जाड पत्रा घेतला तर लिंकचे टोक त्यात बसत नाही. ते सुटेपर्यंत या मापाच्या ऑर्डरी घेत नाही.