तुम्ही विचारलंत म्हणून: ते पितळी कडं उद्यमबागेत का वळवून घेत नाही?

"मामा, एवढंसं पितळी कडं ते. आपल्या उद्यमबागेत कुणीबी लेथवर वळवून देईल की. त्याच्यासाठी आठ दिवस सायकल अडकवून ठेवायची काय वो?"

हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. विचारणारा बहुतेक वेळा स्वतःच उद्यमबागेत नाहीतर मच्छेत, आपल्या या कारखान्यांच्या वसाहतींत, कामाला असतो. बेळगावात हा प्रश्न पडणारच. इथे दर चार घरांत कुणीतरी फाउंड्रीत किंवा मशीन शॉपमध्ये असतो, आणि इथले हायड्रॉलिक पंप, व्हॉल्व्ह, सिलिंडर देशभर जातात. मी स्वतः सायकलींकडे वळण्याआधी बावीस वर्षं हायड्रॉलिकची फिटिंगं वळवली आहेत. तेव्हा गावच्या हातावर माझा भरवसा नाही, असं कुणी समजू नये. तरीही सायकलच्या हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचं ते पितळी कडं, ज्याला ऑलिव्ह म्हणतात, मी इथे वळवून घेत नाही, आणि एकदा दाबलेलं परत लावत नाही. का, ते आज सविस्तर सांगतो.

हँडलवरच्या ब्रेकच्या लिव्हरपासून चाकाजवळ पॅड दाबणाऱ्या कॅलिपरपर्यंत तेलाची एक बारीक होज, म्हणजे लवचीक नळी, जाते. बाहेरून ५ मिलिमीटर. आत प्लॅस्टिकची नळी, तिच्यावर धाग्यांची घट्ट वीण, वर साल. ही होज लिव्हरला जोडायला तीन वस्तू लागतात. होजच्या तोंडात ठोकायची बारीक पोकळ नळी, म्हणजे इन्सर्ट. होजवर बाहेरून चढवायचं पितळी कडं, म्हणजे ऑलिव्ह. आणि या दोघांना लिव्हरमध्ये दाबणारा नट. नट आवळला की ऑलिव्ह लिव्हरच्या आतल्या शंकूत सरकतं, तिथे चेपतं आणि होजला बाहेरून आवळून धरतं. त्याच वेळी आतून इन्सर्ट होजला चेपू देत नाही. म्हणजे होजची भिंत दोन धातूंच्या मध्ये पकडली जाते. तेल अडवायचं आणि होज ओढून निघू द्यायची नाही, ही दोन्ही कामं त्या एका चेपण्यावर चालतात.

यावर उद्यमबागेतली माणसं म्हणतात, आम्ही कटिंग रिंगची फिटिंगं रोज खोलून परत बसवतो, तिथे तर चालतं. खरं आहे, मीही बसवली आहेत. पण तिथे आत स्टीलचा पाइप असतो. रिंग त्यात दात रोवून बसते आणि पाइप जागचा हलत नाही. इथे पितळाखाली प्लॅस्टिक आहे. एकदा चेपलेलं पितळ कडक होतं, दुसऱ्यांदा ते तेवढं ऐकत नाही, आणि खालची होज मात्र दबून बारीक झालेली असते.

हे मी वाचून नाही, एका माणसाला पाडून शिकलो.

सहा वर्षांपूर्वी येळ्ळूरचे एक शिक्षक बाहेरून मागवलेली सायकल घेऊन आले. अशा बऱ्याच सायकलींना पुढचा ब्रेक डाव्या हाताला असतो. आपल्याकडे मोटरसायकलची सवय असल्यामुळे उजवा हात दाबला की पुढचं चाक धरलं पाहिजे, हे अंगात भिनलेलं असतं. अवघड वळणावर हात डोक्याला विचारत नाही. म्हणून दोन्ही होज अदलाबदल करून द्या, असं ते म्हणाले, आणि त्यांचं बरोबर होतं. मी दोन्ही नट सोडवले, डावीकडची होज उजव्या लिव्हरला लावली, उजवीकडची डाव्या. होज कापावी लागली नाही. ऑलिव्हं होजवर होती तशीच ठेवली. नवीन हाताशी नव्हती आणि सरांना रविवारी जायचं होतं. नट नेहमीपेक्षा थोडा जास्त आवळला, तेलात शिरलेली हवा, म्हणजे एअर, काढली, लिव्हर दगडासारखी कडक लागली. दिली सायकल.

पुढच्याच आठवड्यात राजहंसगडाच्या उतारावर त्यांची पुढची लिव्हर थेट हँडलला जाऊन टेकली. मागच्या ब्रेकवर त्यांनी सायकल कशीबशी आवरली, पण वळणावर पडले. गुडघा फुटला, तळहात सोलले.

मी घरी गेलो तेव्हा ते रागावले नाहीत. म्हणाले, "पडलो ते जाऊ दे. कशानं झालं ते मला दाखवा." दुसऱ्या दिवशी मी तो सांधा होजसकट कापून काढला, पॉलिश पेपरवर घासला आणि भिंगाखाली धरला. ऑलिव्हच्या उतारावर दोन चकचकीत रेघा होत्या. एक पहिल्या लिव्हरच्या शंकूत बसल्याची, पूर्ण गोल. दुसरी माझी. ती पहिलीला तिरकी छेदून गेली होती आणि एका बाजूला कोऱ्या कागदावर पेन्सिल उचलल्यासारखी तुटली होती. तेवढ्या केसभर फटीतून दर दाबाला थोडं थोडं तेल जात होतं. वरच्या रबरी टोपीनं ते झाकून ठेवलं, म्हणून ओल सरांना दिसली नाही. लिव्हरमधली तेलाची टाकी ती केवढी, ती रिकामी व्हायला किती वेळ लागणार?

तो तुकडा मी पत्र्याच्या डबीत ठेवला आहे. "जुनंच लावा की" म्हणणाऱ्याच्या हातात मी आधी भिंग देतो.

आता वळवून घेण्याचं. आकार वळेल, त्यात शंका नाही. पण आपल्या लेथवर जे पितळ चालतं, त्यात शिसं घातलेलं असतं, चिप तुटावी म्हणून. ते कापायला सुरेख, पण दाबून आकार बदलायला तेवढं राजी नसतं, त्यात चीर जाऊ शकते. ऑलिव्हचं सगळं काम तर दबण्यातच आहे. कोन चुकला तर ते कडेवर टेकतं, अंगावर टेकत नाही. ज्या ब्रेकचं आहे त्या ब्रेकचंच घ्या. ते महागही नसतं, फक्त यायला वेळ लागतो. म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी सांगतो, दोन जादा मागवा आणि हवेच्या पंपाबरोबर पिशवीत टाकून ठेवा.

निवडताना खरी गफलत ऑलिव्हपेक्षा इन्सर्टची होते. इन्सर्ट लिव्हर बघून नाही, होज बघून घ्यायचा असतो. शिमानो या एकाच कंपनीच्या दोन होज घ्या. बीएच ५९ आणि बीएच ९० बाहेरून सारख्याच, ५ मिलिमीटर. पण ९० ची भिंत जाड आणि भोक बारीक. तिचा इन्सर्ट रुपेरी, ११.२ मिलिमीटर लांब. ५९ चा सोनेरी, १३.२ मिलिमीटर. रुपेरी इन्सर्ट ५९ मध्ये सहज जातो, आणि सहज गेला म्हणून माणसाला बरं वाटतं. तिथेच घात होतो, कारण आतून आधार सैल राहतो. स्रॅमच्या बऱ्याच होजमध्ये इन्सर्ट ठोकायचा नसून बारीक टॉर्क्स कीनं पिळून बसवायचा असतो. मागुराचं सामान तिसरंच. एकाचं दुसऱ्याला लावू नये.

तेलाचंही तेच. शिमानो, मागुरा, टेक्ट्रो मिनरल ऑइलवर चालतात. होप आणि स्रॅमचे बहुतेक ब्रेक डॉटवर, स्रॅमचे अलीकडचे काही मिनरलवरही आहेत. मोटरसायकलच्या दुकानात मिळतं ते ब्रेक ऑइल डॉट असतं. मिनरलच्या ब्रेकमध्ये ते भरलं की आतली रबरं फुगून खलास होतात. टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं, ते वाचा.

बसवताना मी काय करतो, तेही सांगतो. आधी धुणं. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडून आलेल्या सायकलीच्या टोपीखाली तांबडी माती पीठ होऊन बसलेली असते. तिचा एक कण शंकूत गेला की नवीन ऑलिव्हही गळतं. मग हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून होज किती लागते ते बघायचं आणि दोन बोटं जास्त ठेवूनच कापायची. कापायला होज कटर. पक्कडीनं कापली तर तोंड चपटं होतं आणि वीण विस्कटते. काप काटकोनात हवा.

नंतर क्रम: रबरी टोपी, नट, ऑलिव्ह. इन्सर्ट ठोकण्याआधी हे तिन्ही होजवर आलेत का, ते मी मोठ्यानं म्हणतो. एकदा इन्सर्ट बसला की विसरलेला नट चढवायला होज परत कापावी लागते. होज दोन खाचांच्या ठोकळ्यात धरून व्हाइसमध्ये आवळायची आणि इन्सर्ट हलक्या हातोडीनं सरळ ठोकायचा, त्याची कड होजच्या तोंडाला टेकेपर्यंत. ऑलिव्हवर ग्रीसचं बोट. होज लिव्हरमध्ये तळाला लागेपर्यंत दाबायची आणि डाव्या हातानं तसाच दाब ठेवून ८ च्या पान्यानं नट आवळायचा. हा दाब सुटला तर ऑलिव्ह एक-दोन मिलिमीटर अलीकडेच चेपतं. म्हणून मी होजवर नटाच्या कडेला पेनानं खूण करतो. आवळताना खूण बाहेर सरकली तर थांबायचं. शिमानोचा नट ५ ते ७ न्यूटन मीटर. माझ्या हाताला एवढा अनुभव आहे तरी इथे मी आवळण्याचा जोर मोजणारा पाना, म्हणजे टॉर्क रेंचच घेतो. सरांच्या वेळी हातावरच भरवसा ठेवला होता.

एअर काढण्यावर इथे लिहीत नाही, त्याला वेगळी बैठक लागेल. एवढंच सांगतो की पॅड आधी काढून लांब ठेवा. तेलाचा थेंब लागलेला पॅड उन्हात वाळवून सुधारत नाही.

शेवटी नटाभोवती पांढऱ्या टिश्यूची पट्टी गुंडाळायची आणि लिव्हर पूर्ण ताकदीनं दाबून मनात शंभर आकडे मोजायचे. पट्टी उलगडून खिडकीशी धरायची. मिनरल ऑइलचा डाग उजेडाकडे धरल्याशिवाय नीट दिसत नाही. कोरडी निघाली तर एक रात्र नवीन पट्टी तशीच ठेवून सकाळी पुन्हा बघतो. तोवर सायकल देत नाही, मालक दारात उभा असला तरी.

ज्यांना सामान स्वतः मागवायचं आहे त्यांनी आधी होजवरची छापील अक्षरं वाचावीत. चिखलानं आणि उन्हानं ती पुसली असतील तर फ्रेमच्या आतून जाणारा किंवा पट्ट्याखाली झाकलेला भाग ओल्या फडक्यानं पुसून बघा. तिथे ती बहुतेक शाबूत असतात.