तुम्ही विचारलंत म्हणून: परवडत नाही, तरी कांदाच का?

पुण्याचे पाहुणे विचारतात, लग्नात भेटलेले विचारतात, आता पुतणीही विचारते. "परवडत नाही म्हणता, मग दरवर्षी कांदाच का लावता?" एकदा नीट सांगतो.

आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड भागात उसाला पुरेल एवढं पाणी विहिरीत नाही. द्राक्षबागेत आधी लाखांनी पैसा घालावा लागतो. टोमॅटो केला, 2023च्या मे महिन्यात क्रेटचं भाडंही सुटेना म्हणून बांधावर ओतला. जुलैत त्यालाच किलोला शंभरावर भाव गेला, तेव्हा आमच्या वावरात एक झाड नव्हतं. मक्यात घरखर्च निघतो, गावच्या सोसायटीचं कर्ज फिटत नाही. लाल कांदा लागवडीपासून साडेतीन महिन्यांत पैसा हातात देतो, एखाद्या वर्षी चांगला देतो. त्या एखाद्या वर्षावर आमची घरं बांधली गेलीत, लग्नं झालीत.

7 डिसेंबर 2023, गुरुवार. बावीस क्विंटलची ट्रॉली भरून दारात उभी होती. बाजार क्विंटलला 3,900च्या आसपास. वडील म्हणाले, "आजच घेऊन जा, लाल कांदा टिकायचा नाही." मी म्हटलं, "दादा, सोमवारी चार हजारांच्या वर जाईल." शुक्रवारी सकाळी फोनवर बातमी: निर्यातबंदी. ऑगस्टमध्ये 40 टक्के शुल्क लावलं होतंच, आता दारच बंद. लिलाव थांबले, लोक महामार्गावर बसले. मी ट्रॉली पडवीत रिकामी केली. रोज सकाळी बसून नरमलेले कांदे वेगळे काढायचो, हाताचा वास जात नव्हता. तेराव्या दिवशी उरलेला माल 1,650ने गेला. पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची पावती, घेताना हमाली-तोलाईचे आकडे वाचायचा धीर झाला नाही. दादा एक शब्द बोलले नाहीत.

तेव्हा मी सगळा दोष सरकारला देत होतो. नंतर वाटायला लागलं, हाव माझी होती, गुरुवारी विकायला हवा होता. पण आणखी पाच ट्रॉल्या कांदा माझ्या वावरात उभा होता, काढणीलाही आला नव्हता. त्याचं मी गुरुवारी काय करणार होतो? बंदी उठली 4 मे 2024ला. तोवर लाल कांद्याचा हंगाम संपून गेला होता.

चुकत असेन मी. पण "दुसरं काहीतरी घ्या" म्हणणाऱ्यांनी ते दुसरं काय, हे एकदा आमच्या विहिरीकडे बघून सांगावं.

यंदा अर्धा एकर कमी लावायचं ठरवलं होतं. रोपांसाठी उळं, म्हणजे कांद्याचं बी, टाकून झालंय. बियाणं मात्र पूर्ण दोन एकरांचंच आणलं.