प्रबंध शोधगंगेवर आणि पांझरेकाठी

पांझरा नदीच्या काठची फड पद्धती, म्हणजे गावानं मिळून पाणी वाटून घेण्याची जुनी सिंचन पद्धत, हा माझ्या पीएच.डी.चा विषय. नदीत बंधारा, बंधाऱ्यापासून निघालेला पाट, पाटाच्या चाऱ्या म्हणजे लहान फाटे, आणि त्याखाली भिजणारे फड, म्हणजे शेतांचे मोठे गट. सहसा चार फड असतात. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पुढच्या वर्षी ते दुसऱ्या फडात जाणार. पाणी कमी असेल त्या वर्षी कुठला फड कोरडा ठेवायचा ते पंच ठरवतात. बहुतेकांची जमीन थोडी थोडी सगळ्याच फडांत असते, त्यामुळे तुटीचा भार एकट्यावर पडत नाही. या सगळ्याला पंप लागत नाही, पाणी उतारानं जातं. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत शेकडो वर्षं चाललेली ही व्यवस्था विहिरी आणि विजेच्या मोटारी आल्यावर बऱ्याच गावांत विस्कळीत झाली.

मला हे पाटकऱ्यांनी, म्हणजे पाट राखून पाणी वाटणाऱ्यांनी, समजावून सांगितलं. भर उन्हात पाटाच्या कडेनं चालत, बारं म्हणजे पाणी धरतात कसं, कोणाचं पाणी कधी तोडतात ते दाखवलं. म्हणून प्रबंध मंजूर झाल्यावर माझं काम संपलंय असं मला वाटेना. ज्यांच्याकडून घेतलं त्यांना तो वाचता आला पाहिजे, हे मी सुरुवातीपासून धरून चालले होते.

पहिली पायरी तशी ठरलेलीच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीत प्रबंधाची सॉफ्ट कॉपी इन्फ्लिबनेटसाठी, म्हणजे विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्रासाठी, देण्याची अट आली. २०१६ च्या नियमावलीनं पदवी जाहीर होण्याआधीच ती द्यायची असं ठरवलं. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ भांडारात प्रबंध जातो आणि कोणालाही फुकट वाचता येतो. ही फार मोठी सोय आहे. एरवी प्रबंध म्हणजे विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या कपाटात बंद असलेला जाडजूड बांधीव ठोकळा.

पण चढवला म्हणजे सापडला असं होत नाही. माझा प्रबंध गावातल्या डीटीपीवाल्यानं जुन्या फॉन्टमध्ये टाइप केला होता. आपल्याकडचे कितीतरी मराठी प्रबंध आजही तसेच होतात. पडद्यावर आणि कागदावर मराठी दिसतं, आत मात्र रोमन अक्षरं आणि चिन्हं भरलेली असतात. शोधयंत्राला त्यातलं ‘पाटकरी’ दिसत नाही, ‘बंधारा’ दिसत नाही. वाङ्मयचौर्य तपासणीची तीच गत. २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, पण ज्या मजकुरातली मराठी सॉफ्टवेअरला वाचताच येत नाही त्याच्या टक्क्याला अर्थ काय? ग्रंथालयातल्या सरांनी हे समजावून सांगितलं, तेव्हा सगळा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाला मराठी अक्षरं मराठी म्हणूनच कळतात त्या पद्धतीत, आणायचं मी ठरवलं.

कन्व्हर्टरनं तो झटक्यात आला, पण जखमी होऊन. रफार शेजारच्या अक्षरावर गेलेले, पहिली वेलांटी भलत्या जागी, जोडाक्षरं फुटलेली. सगळ्यात जास्त वेळ ‘शेतकऱ्यांनी’नं खाल्ला. यातला ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना एका प्रकारानं टाइप केलं तर दुसऱ्या प्रकारानं लिहिलेली जागा सापडेलच असं नाही. शेतीवरच्या प्रबंधात हा शब्द पानापानावर. शेवटी ‘शोधा आणि बदला’ करून सगळीकडे एकच प्रकार ठेवला, आणि मग एकेक प्रकरण मोठ्यानं वाचलं, कारण नुसत्या नजरेला अशा चुका दिसत नाहीत. परिशिष्टातल्या तक्त्यांनी तर अंत पाहिला. तिथे आकडेही फॉन्टमध्येच अडकलेले होते.

शोधगंगेवर प्रकरणांच्या वेगवेगळ्या पीडीएफ लागतात. त्या करून दिल्या. शीर्षक आणि विषयशब्दही देवनागरीत जावेत असा आग्रह धरला. मराठी प्रबंधांची शीर्षकं रोमन लिपीत भरलेली अनेकदा दिसतात, आणि मग मराठीत शोधणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. सरांनी दोन्ही लिप्यांत भरून दिलं.

फोटोंचा प्रश्न वेगळा होता. शोधगंगेवरचा मजकूर व्यावसायिक वापर वगळणाऱ्या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली असतो, आणि विकिपीडियाला चित्रं पुरवणाऱ्या विकिमीडिया कॉमन्सला तशी अट असलेलं काही चालत नाही. पण पाट-बंधाऱ्यांचे फोटो मीच काढलेले, हक्क माझाच. ते मी कॉमन्सवर वेगळे, मोकळ्या परवान्यानं दिले. आता मराठी विकिपीडियावर लिहिणारा कोणीही ते वापरू शकतो. माणसांचे चेहरे असलेले फोटो दिले नाहीत. चेहरा जगापुढे ठेवायची परवानगी मी तेव्हा मागितलेली नव्हती.

एवढं झाल्यावर गावात गेले. प्रबंध मराठीत असला तरी त्याची भाषा विद्यापीठाची. म्हणून निष्कर्ष, फडाचे नियम आणि नकाशे एवढंच घेऊन साध्या मराठीत एक पातळ पुस्तिका केली आणि झेरॉक्सच्या प्रती काढल्या. मारुतीच्या देवळापुढे बसून वाचून दाखवली. निष्कर्षांत कोणालाच फारसा रस नव्हता. ते त्यांना आधीपासून ठाऊक होतं, त्यांनीच तर सांगितलं होतं. सगळ्यांनी ओढून घेतलं ते परिशिष्ट. कुठली चारी कुठून निघते, कुठे बुजली, कोणत्या फडाला सांडवा कुठे, हे दाखवणारा नकाशा. पोरांनी मोबाइलवर त्याचे फोटो काढले. बंधाऱ्याच्या दुरुस्तीच्या अर्जाला हा नकाशा जोडता येईल का, असं एकानं विचारलं. मी जीपीएस घेऊन आखलेली ती चारी त्यांना कागदावर हवी होती, कारण तोंडी सांगितलेली चारी कचेरीत कोणी मानत नाही.

पाटकरी आबांनी पुस्तिका हातात घेतली, पानं उलटली आणि अहिराणीत विचारलं, ‘‘यामा मन्हं नाव शे का?’’

नाव नव्हतं. प्रबंधात माहिती देणाऱ्यांची नावं गुप्त ठेवायची रीत आहे, आणि पुस्तिका तिथूनच उतरलेली. आबा तिथे ‘पाटकरी, वय ७०च्या पुढे’ एवढेच होते. पाण्याच्या भांडणांत कोणाचं नाव उघडं पडू नये म्हणून ती रीत चांगलीच आहे, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण पाट कसा राखावा हे आयुष्यभर करून शिकलेल्या माणसाचं ज्ञान निनावी छापणं मला पटत नाही. पुढच्या प्रती काढताना मी प्रत्येकाला विचारलं. भांडणाचे प्रसंग निनावीच ठेवले. नियम, पाट राखायच्या पद्धती, जुन्या पिकांची माहिती यांपुढे मात्र सांगणाऱ्याचं नाव आणि गाव आलं. दोघांनी नको म्हटलं, त्यांचं नाही घातलं.

मराठीत प्रबंध लिहिणाऱ्यांना एवढंच सांगेन की पहिल्या पानापासून युनिकोडमध्ये लिहा, आणि नकाशे व तक्ते स्वतंत्र फाइलमध्ये जपून ठेवा. पीडीएफमधून देवनागरी मजकूर परत काढताना तो मोडतो, म्हणून मूळ वर्ड फाइलही सांभाळा. आणि मुलाखत घेतानाच विचारून ठेवा: नाव छापू का, फोटो देऊ का, आवाज ऐकवू का. नंतर विचारायला गेलं की कधी माणूस भेटत नाही, कधी उरलेला नसतो.

सध्या मी पंचांच्या हिशेबाच्या वह्यांमागे आहे. पाटकऱ्याला किती धान्य दिलं, पाट साफ करायला कोण आलं, कोणाला दंड झाला, हे त्यांत असतं. पांझरा, मोसम, आरम या नद्यांच्या काठी कोणाच्या माळ्यावर अशा वह्या असतील तर रद्दीत घालू नका. जवळच्या महाविद्यालयातल्या भूगोल किंवा इतिहास विभागाला दाखवा. वही द्यायची गरज नाही, तुमच्याच घरी बसून फोटो काढता येतात.