यादीतला १८२वा नंबर

सिनिऑरिटी म्हणजे काय, हे माझ्या वडिलांना, तात्यांना, समजावून सांगावं लागलं नाही. वडूज आगारात त्यांनी २९ वर्षं एसटी चालवली. रातराणी कुणाला, मुक्कामी गाडी कुणाला आणि दिवाळीत रजा कुणाची मंजूर होणार, यात नोकरीला आधी कोण लागलं याला किती वजन असतं ते त्यांनी जन्मभर पाहिलंय. मी फोनवर म्हटलं, "तात्या, आमच्या कंपनीत दोनशे-सव्वादोनशे वैमानिक, त्यात माझा नंबर १८२." ते लगेच म्हणाले, "म्हंजे दिवाळीला तू रिझर्व्हवर."

बरोबर होतं. इथे कॅनडात, विनिपेगला आल्यापासून माझी एकही दिवाळी घरी झालेली नाही. रिझर्व्ह म्हणजे फोन उशाशी ठेवून बसायचं, बोलावलं की ठरलेल्या वेळेत विमानतळावर हजर. पुढच्या महिन्याच्या फेऱ्यांसाठी सगळे बिड टाकतात, म्हणजे आपली पसंती कळवतात, पहिल्या नंबरचा कॅप्टन आधी निवडतो आणि आमच्यापर्यंत येईतो जे उरेल ते आमचं.

एसटीत आणि इथे एक मोठा फरक मात्र आहे, आणि तो तात्यांना पटायला वेळ लागला. इथला वैमानिक कंपनी बदलतो तेव्हा त्याची सिनिऑरिटी मागेच राहते. वीस वर्षं कॅप्टन म्हणून उडालेला माणूस दुसऱ्या कंपनीत गेला तर त्या यादीच्या अगदी तळाशी लागतो. पगार तळाचा, रजा तळाची, बहुतेकदा खुर्चीसुद्धा उजवीकडची, म्हणजे फर्स्ट ऑफिसरची, सहवैमानिकाची. आयटीत असताना एखादी गोष्ट पटली नाही की मी राजीनामा टाकायचे आणि शेजारच्या कंपनीत वाढीव पगारावर लागायचे. इथे तो रस्ताच नाही. तात्या थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग भांडायचं तर हितंच ऱ्हाऊन भांडाय लागतंय की पोरी."

गेलं वर्षभर आमच्याकडे जे चाललंय ते त्यांच्या या वाक्यात सगळं आलं.

कंपनीचं नाव लिहीत नाही. उत्तरेकडच्या छोट्या वस्त्यांना जाणारी टर्बोप्रॉप, म्हणजे पंख्याची, विमानं आहेत आमची. बर्फामुळे रस्ते बंद असतात तेव्हा औषधं, टपाल, बाळंतीण, सगळं आमच्यातूनच जातं. आमची एक घरगुती असोसिएशन होती. दर तीन महिन्यांनी तिचे चार प्रतिनिधी व्यवस्थापनाबरोबर बसत. मंडळी चांगली होती, पण असोसिएशनला कायद्याने मान्यता नव्हती. करार म्हणून जे होतं त्याला सगळे 'हँडबुक' म्हणत आणि ते बदलायला कंपनीला कुणाला विचारावं लागत नसे.

मला या सगळ्यात पडायचं नव्हतं. सात वर्षं नोकरी करत पैसे साठवून मी फ्लाइंग शिकले, मग दोन वर्षं इन्स्ट्रक्टर होते, तेव्हा कुठे ही खुर्ची मिळाली. ती सांभाळायची, एवढंच डोक्यात होतं. मग ती जानेवारीची रात्र आली.

बाहेर उणे ३१. दिवसाची चौथी फेरी, विमानावरचा बर्फ काढण्यात झालेला उशीर, आणि मुक्काम एका वस्तीतल्या लॉजवर. रात्री दोन वाजता आगीची घंटा वाजली. खोटी होती, पण सगळ्यांना पार्का, म्हणजे जाड कोट, घालून बाहेर उभं केलं आणि परत अंथरुणात शिरेपर्यंत साडेतीन झाले. झोप काही लागली नाही. कॅनडाचे नियम चांगले आहेत. डिसेंबर २०२० पासून मोठ्या कंपन्यांना आणि २०२२ पासून छोट्यांनाही ते लागू झाले. ड्युटी कधी सुरू होते त्यानुसार ती ९ ते १३ तासांची, मुक्कामी असताना किमान १० तास विश्रांती, वर्षाला १००० तासांहून जास्त उड्डाण नाही. कागदावर माझे दहा तास भरले होते. पण थकलेल्या वैमानिकाने उडू नये, असंही तोच कायदा सांगतो. मी शेड्युलिंगला फोन करून म्हटलं, मी थकलेय, मी उडणार नाही. आयुष्यातला माझा पहिला फटीग कॉल. हात थरथरत होते.

विमान पाच तास उशिरा निघालं. कुणी ओरडलं नाही. दोन दिवसांनी साहेबांचा फोन आला. अगदी गोड आवाजात विचारलं, "झोपायचा प्रयत्न नीट केला होतास ना?" महिनाअखेर पाहिलं तर त्या दिवसाचे तास पगारातून वजा झाले होते. कायद्याने काही चुकलं नव्हतं. थकलेल्याने उडू नये हे कायदा सांगतो, त्या दिवसाचा पगार मिळेल की नाही ते सांगत नाही. ते करारात लिहावं लागतं आणि आमच्याकडे करारच नव्हता. असोसिएशनचे प्रतिनिधी म्हणाले, "मी बोलतो." ते बोललेही, कॉफी पिता पिता. पुढे काही झालं नाही.

बाहेर बातमी येते ती फक्त पगारवाढीच्या टक्क्यांची. आमच्या क्रूरूममधले वाद ऐकले तर कळतं, लोक झोपेबद्दल बोलत असतात, हॉटेलबद्दल, आणि विमानात प्रवासी बसलेत पण धुक्यामुळे ब्रेक सुटलेले नाहीत त्या बिनपगारी तासाबद्दल. आमचं मीटर ब्रेक सुटल्यावर चालू होतं.

त्याच महिन्यात बाहेरच्या मोठ्या युनियनचे सभासदत्वाचे फॉर्म फिरू लागले. वाद पेटला. आमचे एक ज्येष्ठ कॅप्टन, ज्यांच्याकडून मी आडव्या वाऱ्यात विमान उतरवायला शिकले, ते याच्या ठाम विरोधात होते. त्यांचं म्हणणं, इथे आपण मालकाच्या केबिनचं दार ढकलून आत जाऊ शकतो. बाहेरची युनियन आली की मधे वकील येतील, वर्गणी जाईल आणि निर्णय भलत्याच शहरात होतील. मला ते खोटं वाटलं नाही. पण ते दार ढकलायची हिंमत तिसऱ्या नंबरच्या माणसाला होते. १८२व्या नंबरला होत नाही.

हाच वाद वेस्टजेटमध्ये झालेला होता. कॅलगरीची ही कंपनी १९९६ ची. तिथले कर्मचारी स्वतःला मालक म्हणवत, नफ्यात त्यांचा वाटा असे, आणि युनियन नसणं हा तिथे अभिमानाचा विषय होता. २०१५ मध्ये वैमानिकांनी मतदान करून युनियन नाकारली. दोनच वर्षांनी, २०१७ मध्ये, ६२ टक्क्यांनी आल्पाला, म्हणजे एअर लाइन पायलट्स असोसिएशनला, हो म्हटलं. २०२३ च्या मे महिन्यात संपाला काही तास उरले असताना करार झाला, चार वर्षांत २४ टक्के वाढीचा.

एअर कॅनडाची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. १९९५ पासून तिथल्या वैमानिकांची स्वतःची वेगळी संघटना होती. २०१२ मध्ये ते संपाच्या उंबरठ्यावर असताना संसदेने कायदा करून संप रोखला, आणि लवादाने कंपनीचा प्रस्ताव उचलून धरला. २०१४ मध्ये त्यांनी दहा वर्षांचा करार केला. तो चालू असताना सीमेपलीकडे डेल्टाच्या वैमानिकांना मार्च २०२३ मध्ये चार वर्षांत ३४ टक्के वाढ मिळाली. तेच आकाश, तीच विमानं, आणि पगारात एवढी दरी. त्याच वर्षी मे महिन्यात एअर कॅनडाचे वैमानिक आल्पात गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये संपाच्या बाजूने मतदान झालं ते ९८ टक्के. त्या महिन्याच्या शेवटी टोरंटोच्या पिअरसन विमानतळावर ते पूर्ण गणवेशात, टोप्या घालून, हातात फलक घेऊन उभे राहिले. आपल्याकडच्या मोर्चाची सवय असलेल्या डोळ्यांना ते वेगळंच. मी सुट्टीवर जाताना थोडा वेळ बाजूला उभी राहून पाहत होते.

सप्टेंबरच्या मध्यात तडजोड झाली. आधी २६ टक्के, पुढची तीन वर्षं दर वर्षी ४, मिळून जवळजवळ ४२ टक्के. आता खरं बघायचं ते पुढचं मतदान. ऑक्टोबरमध्ये हा करार मंजूर झाला तो ६७ टक्क्यांनी. बेचाळीस टक्के हातात असताना तीनातल्या एकाने नाही म्हटलं! नाराजी जास्त होती ती तरुणांत. तिथे नव्या वैमानिकाला पहिली चार वर्षं कमी, बांधीव पगार असे. तो काळ पुसून टाका, ही तरुणांची मागणी होती. करारात तो दोन वर्षांवर आला. माझ्या मते त्या तरुणांचं बरोबर होतं. वाटाघाटीच्या टेबलावर ज्येष्ठ बसतात आणि टक्केवारीचा मोठा घास मोठ्या पगाराकडेच जातो. युनियन हवीच असं मी आज म्हणते, पण युनियनच्या आतही यादीच्या तळाला बोलावं लागतं.

घरी मात्र वेगळीच अडचण होती. आईला हा विषयच नको होता. तिचे थोरले भाऊ, आमचे मामा, लालबागला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख माणसं बाहेर पडली आणि तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. मामा पुढच्या पावसाळ्यात गावी परतले ते कायमचे. आई म्हणाली, "सही करू नको बाळा. सह्या करणारे पुढारी घरी जातात, बाकीचे रस्त्यावर."

मी तिला इथली रीत सांगितली. साठ दिवस सरकारी मध्यस्थाबरोबर बोलणी, मग २१ दिवस थंड व्हायला, संपासाठी गुप्त मतदान, आणि वर ७२ तासांची नोटीस. एवढं सगळं होईतो बहुतेक वेळा करार होतो. पण तिची भीती अगदीच निराधार आहे असंही मी म्हणू शकले नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये एअर कॅनडाच्या केबिन क्रूने संप केला, तेव्हा बारा तासही झाले नव्हते तोवर सरकारने त्यांना कामावर परतायचा आदेश दिला. जमिनीवरच्या बिनपगारी कामाबद्दलच भांडत होते ते. त्यांनी आदेश झुगारला आणि तीनच दिवसांत तडजोड झाली. मी सगळं सांगितलं, लपवलं काही नाही.

तात्या मधेच म्हणाले, "रातीची झोप ही गाडीचीच गोष्ट हाय. डायव्हर झोपला न्हाई तर मागची पन्नास माणसं कुणाच्या भरवशावर?" भारतात डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, वैमानिकांची आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर नेली आणि रात्रीची लँडिंग सहावरून दोनवर आणली, त्यासाठी वैमानिकांच्या संघटनांना दिल्ली उच्च न्यायालयाचं दार ठोठवावं लागलं होतं. हे नियम लागू झाल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली तेव्हा गावाकडून मला खूप फोन आले, आणि बहुतेकांचा राग वैमानिकांवर होता. प्रत्येकाला मी तात्यांचं हे वाक्य ऐकवलं.

फॉर्मवर मी फेब्रुवारीत सही केली. त्याबरोबर किमान पाच डॉलर स्वतःच्या खिशातून भरावे लागतात, म्हणजे सही गमतीत केलेली नाही याचा पुरावा. निम्म्याहून जास्त वैमानिकांच्या सह्या झाल्या की औद्योगिक संबंध मंडळ मतदान न घेताही मान्यता देऊ शकतं. आमच्या झाल्या. ज्येष्ठ कॅप्टननी शेवटपर्यंत सही केली नाही. मान्यता आली त्या दिवशी आम्ही दोघं एकत्र उडत होतो. वर स्थिरावल्यावर ते एवढंच म्हणाले, "आता करार तरी चांगला करा." त्यांनी वाटाघाटी समितीला आपलं नाव दिलंय. मला मनापासून आनंद झाला.

आता प्रत्येकाकडे प्रश्नावली आली आहे, करारात काय हवं त्याची. पगाराचा रकाना मी शेवटी भरला. पहिल्या ओळीत लिहिलं: फटीग कॉलच्या दिवसाचे पूर्ण तास. दुसऱ्या ओळीत: हँडबुक नको, कलम हवं. तिसरी ओळ माझ्या नंतर लागलेल्या एकवीस जणांसाठी, पहिल्या वर्षाच्या पगारावर. तात्यांनी ती प्रश्नावली व्हॉट्सॲपवर मागवून घेतली आणि विचारलं, मुक्कामाच्या खोलीबद्दल का नाही लिहिलंस. चौथी ओळ त्यांची आहे.

पहिली बैठक पुढच्या महिन्यात १२ तारखेला. बाहेर हॉलमध्ये कुणालाही येऊन बसता येतं. त्या दिवशी मी रिझर्व्हवर आहे, फोन घेऊनच जाऊन बसणार आहे.