डोंगर की पाऊस?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ‘समुद्रतळाचा गाळ वाढलेला दिसला, तर तो डोंगर उचलला गेल्यामुळे की पाऊस बदलल्यामुळे, हे कसं ओळखता?’ व्याख्यान संपलं की हा प्रश्न हमखास येतो.

नुसत्या जाडीवरून ओळखता येत नाही. बंगालच्या उपसागराच्या तळावरचा गाळाचा पंखा, म्हणजे पंख्याच्या आकारात पसरलेला गाळाचा ढीग, हिमालयाच्या झिजेतून बनला आणि सुमारे ३,००० किलोमीटर पसरला. डोंगर उंचावला की उतार वाढून झीज वाढते. पावसाळा जोर धरतो तेव्हाही वाढते. त्यात हा गाळ तळावरच्या नाल्यांतून वाहतो आणि नाले नद्यांसारखेच पात्र बदलतात. एखाद्या ठिकाणी वाळू यायची थांबली, तर हिमालय झिजायचा थांबला असं नव्हे, नाला बाजूला सरकला असेल. म्हणून २०१५ साली आंतरराष्ट्रीय सागरतळ-उत्खनन कार्यक्रमाच्या ३५४ व्या मोहिमेत ८ अंश उत्तर अक्षांशावर ओळीने सात ठिकाणी छिद्रं घेतली. एकाच छिद्रावरून हिमालयाचा इतिहास सांगणाऱ्यांवर मी तरी विश्वास ठेवत नाही.

माझा भरवसा चिकणमातीतल्या खनिजांवर. इलाइट आणि क्लोराइट जास्त असतील, तर खडक फुटून भरभर खाली आला. स्मेक्टाइट वाढलं, तर माती मैदानात रेंगाळली, पाण्याने तिचं रासायनिक अपक्षयन झालं, म्हणजे तिची मूळ खनिजं बदलली. या पंख्यात साधारण ७० लाख वर्षांपूर्वी स्मेक्टाइट वाढतं, गाळ साचण्याचा वेग मंदावतो, आणि त्याच सुमारास सेंद्रिय कार्बनमध्ये उष्ण प्रदेशातल्या गवतांची खूण उमटते. डोंगर उचलला जाऊन गवत पसरत नाही (निदान थेट नाही!), त्यामुळे इथे माझा कौल हवामानाला.

५.६ कोटी वर्षांपूर्वीचा थर मात्र हा कौल देऊ देत नाही. दक्षिण अटलांटिकमधल्या वॉल्व्हिस कटकावर (समुद्राखालच्या डोंगररांगेवर) २००३ साली छिद्रं घेऊन काढलेल्या गाळाच्या गाभ्यांत सूक्ष्मजीवांच्या कवचांचा पांढरा गाळ एकाएकी संपतो, वर गडद तांबडी माती लागते. कार्बन शोषून समुद्र आम्लधर्मी झाला, कवचं विरघळली, उरली फक्त माती. काही हजार वर्षांत डोंगर उभा राहत नाही, तेव्हा हे हवामानाचंच काम वाटतं. पण तो कार्बन आला कुठून? ग्रीनलंड युरोपापासून तुटताना उसळलेल्या ज्वालामुखींचा त्यात मोठा वाटा असावा, असं बरेच संशोधक मानतात. म्हणजे भूपट्ट (पृथ्वीच्या कवचाचे मोठे तुकडे) सरकले, त्यातून हवा तापली आणि त्या तापलेल्या हवेची नोंद गाळात झाली. या थरापुढे मी दोन्ही कारणं लिहिते.